दुभंग मिटल्याची दंतकथा

नवी मुंबई एके काळीं दुभंगलेली होती, एकीकडे गांव व दुसरीकडे वसाहत; महापालिका आली आणि तो भेद मावळला, असें एका विद्वान् वक्त्यांनीं नुकतेंच वाशी येथें सांगितलें. श्रोत्यांनीं टाळ्या दिल्या. आम्हीं दिल्या नाहींत.

कारण तो भेद ज्या वर्षीं मावळला म्हणतात, त्याच वर्षीं आम्ही ह्या शहरांत प्रथम आलों. महापालिकेचा कारभार 1 जानेवारी 1992 रोजीं सुरू झाला होता, आणि मे महिन्यांत खाडी ओलांडून लोकल वाशीस येऊं लागली होती. इंग्रजी वाङ्मयाची पदवी नुकतीच पदरांत पडलेली. नागरिकत्वावर वाटेल तितकें बोलण्याची आमची तयारी होती! स्टेशनाबाहेर रुंद रस्ते व सेक्टरांचे क्रमांक. मग एकाएकीं वाट अरुंद झाली, आणि अंगणांत जाळीं वाळत घातलेलीं दिसलीं. ज्या मित्राकडे गेलों त्याच्या वडिलांनीं पेटींतून सात-बाराचा जुना उतारा काढला. “मास्तर, पंचायत गेली, पालिका आली. आमचें शेत कुठें गेलें?” आम्ही चहा पीत राहिलों.

1970 सालीं सिडको स्थापन झाली व 95 गांवांच्या जमिनींवर नवें शहर आंखलें गेलें. ओसाड खाजणावर शहर उभें केलें असें म्हणणारांनीं तेथील भातशेती व मिठागरें कोण करीत होतें हें सांगावें. जानेवारी 1984 मध्यें जासई-दास्तान परिसरांत गोळीबारांत 5 शेतकरी पडले, तेव्हां कोठें विकसित जमिनीच्या परताव्याची गोष्ट निघाली. ‘साडेबारा टक्के’ हे शब्द येथील पोराला बाराखडीबरोबरच येतात.

महापालिकेनें पाणी आणलें, दिवे आणले. तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कुटुंबें वाढलीं तशी गावठाणाची हद्द वेळींच वाढविली गेली नाहीं. बापाच्या शेतांत मुलानें घर बांधलें कीं तें अनधिकृत; त्याच मातीवरील दहा मजली इमारत मात्र नियोजन! बर्लिनची भिंत 1989 सालीं पडली ती जगानें पाहिली. येथें भिंत कागदावर होती, म्हणूनच ती पडल्याचें जाहीर करणें इतकें सोपें जातें.

व्याख्यानानंतर आम्हीं त्या वक्त्यांस विचारलें, “आपण वाशीगांवांत कधीं गेलां आहांत काय?”

“म्हणजे काय! मी वाशींतच राहतों कीं,” ते म्हणाले.