आधी दोरा, मग सूत्र

शिरूर आणि दौंडच्या व्यापारी घरांतील मुले चौथी-पाचवीत परिमिती व क्षेत्रफळाची सूत्रे घोकतात आणि परीक्षेत गुणही मिळवतात. मात्र कांद्याच्या ढिगावर केवढी ताडपत्री लागेल, असे वडिलांनी विचारले की तीच मुले गोंधळतात. ‘सूत्र’ या शब्दाचा मूळ अर्थ धागा असा आहे. भूमितीचा आरंभही धाग्यापासूनच व्हावा.

स्वयंपाकघरातील २१ सेंटिमीटर व्यासाची ताटली घ्यावी. तिच्या काठाभोवती दोरा फिरवून तेवढाच कापावा आणि त्यात व्यास किती वेळा मावतो, हे मुलालाच मोजू द्यावे. तीन वेळा मावून सुमारे ३ सेंटिमीटर दोरा उरतो. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात परिघाची दोन माने दिली: व्यवहारासाठी व्यासाची तिप्पट आणि सूक्ष्म गणनेसाठी १० च्या वर्गमूळाची पट. या ताटलीसाठी पहिले मान ६३, तर दुसरे सुमारे ६६.४ सेंटिमीटर येते. दोरा ६६ च्या आसपास थांबतो. स्थूल आणि सूक्ष्म यांतील अंतर मुलाच्या बोटांना असे कळते. हा ग्रंथ १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला.

दुसरा प्रयोग आगपेटीतील २४ काड्यांचा. प्रत्येक बाजूस ६ काड्या लावून केलेल्या चौरसात एका काडीच्या मापाचे ३६ चौकोन मावतात. त्याच काड्यांच्या १० बाय २ आयतात केवळ २०. कुंपण तेवढेच, जागा मात्र किती कमी! भूखंड घेताना हा फरक लाखोंचा ठरतो.

व्यापाऱ्याच्या घरात मोजमाप हा केवळ शालेय विषय नव्हे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे देण्याघेण्याची मापे कमीअधिक ठेवणे, याची गणना आहे. ज्याने स्वतःच्या हाताने कधी मोजलेच नाही, त्याला दुसऱ्याची लबाडी उमगत नाही आणि स्वतःची चूकही दिसत नाही.

म्हणून सुटीच्या दिवशी पालकांनी दुकानातील मोजपट्टी तासभर मुलांच्या हाती द्यावी. ओटा, फळी, पोते, दार, जे दिसेल ते त्यांना मोजू द्यावे. उत्तर चुकले तरी लगेच सांगू नये. पुन्हा मोजायला लावावे. सूत्र पुढे शाळेत येईलच, आणि तेव्हा ते ओळखीचे वाटेल.