मालवणची बाजारपेठ : आधी पाण्याला वाट, मग गाड्यांना

भरड नाक्यावरून बंदराकडे जाणारी मालवणची बाजारपेठ वाढली ती पायी चालणाऱ्यांच्या मापाने. आज त्याच चिंचोळ्या रस्त्यावर किल्ला पाहायला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या, दुकानांचे टेम्पो आणि गावकऱ्यांच्या दुचाकी एकमेकांना भिडतात. मे महिन्याची गर्दी ओसरते न ओसरते तोच पाऊस येतो. मग कोंडीवर रुंदीकरण आणि पाण्यावर सिमेंटचं गटार, अशी दोन उत्तरं सुचवली जातात. दोन्ही चुकीची आहेत, कारण प्रश्न एकच आहे : जागेचा.

पाण्याचा हिशेब साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. हवामान विभाग चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस सर्वांत वरच्या श्रेणीत धरतो. असा पाऊस १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद रस्त्यावर झाला, तर सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी साठेल. छपरांचं वेगळंच.

पूर्वी यातलं बरंच पाणी परसात, माडांच्या आळ्यांत, रेताड जमिनीत मुरायचं आणि उरलेलं व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीला मिळायचं. आता परसात पार्किंग झालं, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. त्यात समुद्राला मोठी भरती असली की गटाराच्या तोंडाशी पाणी तुंबतं. गटार कितीही खोल खणा, समुद्र खाली जाणार नाही.

इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराने २००७चा पूर सोसल्यावर मध्यवर्ती भागातल्या रस्त्याच्या काही मार्गिका काढून तिथे पाणी धरणारे झाडांचे पट्टे केले. पहिला टप्पा २०१६मध्ये पुरा झाला. गाड्यांची जागा कमी झाली, तीच पाण्याला मिळाली.

ही युक्ती मालवणात जशीच्या तशी चालणार नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. शेफिल्डात त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. जुलैत इथली जमीन आधीच तुडुंब असते. म्हणून वरच्या सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं, पाणी वरच अडवावं, व्हाळ मोकळे ठेवावेत, गटाराच्या तोंडाला भरतीत आपोआप मिटणारी झडप लावावी आणि रस्त्याकडेच्या पट्ट्यात खारं वारं सोसणारी उंडी, भेंड ही झाडं लावावीत.

पट्ट्याला जागा कुठून? गाड्या शहराबाहेर थांबवूनच. कुंभारमाठच्या बाजूला वाहनतळ आणि तिथून बंदरापर्यंत छोट्या बस. सकाळी ठरावीक वेळेत मालाचे टेम्पो. रहिवासी, आजारी आणि वृद्धांना सूट. गिऱ्हाईक तुटेल ही दुकानदारांची भीती खोटी म्हणता येणार नाही. म्हणून कायमचं बांधकाम करण्याआधी एका हंगामात शनिवार-रविवारी हा प्रयोग करावा आणि विक्रीचे आकडे दुकानदारांनीच ठेवावेत.

छोट्या पालिकेला हे झेपेल का? शेजारच्या वेंगुर्ल्याने कचरा वेगळा करून दाखवला, कचरा डेपोची जागा लोकांना पाहायला खुली केली. पैसा लागलाच, पण घरोघरची शिस्त त्याहून जास्त लागली.

बाजारपेठेच्या कामाची पुढची निविदा निघण्याआधी नगरपरिषदेने दोन नकाशे चावडीवर लावावेत : जुन्या व्हाळांचा, आणि भरतीच्या वेळी पाणी तुंबणाऱ्या जागांचा. दुसरा नकाशा काढायला सल्लागार नको. दांडी-मेढ्यातले रापणकर मच्छीमार आणि बाजारातले दुकानदार तो एका बैठकीत सांगतील.