वही भरली, मूल रिकामे

जून उजाडला की आमच्या गोंदिया जिल्ह्यात दोन प्रकारची घाई सुरू होते : एक धानाच्या पऱ्ह्यांची आणि दुसरी शाळाप्रवेशाची. पहिल्या कामात आमचा शेतकरी जी समज दाखवितो, ती दुसऱ्या कामात पालक म्हणून तोच माणूस दाखवीत नाही, अशी आमची तक्रार आहे. पऱ्हे किती दिवसांचे झाले, बांधीत चिखल नीट झाला की नाही, हे पाहिल्यावाचून तो रोवणीला हात घालीत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र ते कोणत्या इयत्तेत बसले, शुल्क किती भरले आणि वही किती भरली एवढेच पाहिले जाते. ते शिकले काय, हा प्रश्न मार्च महिन्यापर्यंत कोणी विचारीत नाही. आणि विचारला तरी तो गुणपत्रिकेला विचारला जातो, मुलाला नव्हे.

मूल कसे शिकते हा आता केवळ मतामतांचा विषय राहिलेला नाही. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवून दिले की, पाठ केलेले फार वेगाने विसरले जाते आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते. २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, पुस्तक मिटून, तो तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपल्याला अधिक लक्षात राहील, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती! २०१३ साली डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. पुन्हा वाचणे आणि ओळींखाली रेघा मारणे या पद्धती तळाशी गेल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे या वर आल्या.

आता आपल्या घरांकडे व वर्गांकडे पाहू. फळ्यावरचे उत्तर वहीत, वहीतले उत्तर दुसऱ्या वहीत, आणि संध्याकाळी शिकवणीत गाईडमधले उत्तर तिसऱ्या वहीत! हात दुखतो, मन झोपते. वही सुंदर दिसते म्हणून शिक्षक समाधानी, पैसे वसूल झाले म्हणून पालक समाधानी. संशोधनाने जी पद्धत तळाशी टाकली, तिच्यासाठी आपण धान विकून शुल्क भरीत आहोत.

यावर कोणी म्हणेल, "फादर, मग पाठांतर टाकूनच द्यायचे काय?" मुळीच नाही. पाढे पाठ हवेतच. येशूसंघीयांनी १५९९ साली आपल्या शाळांसाठी जी अध्ययनसंहिता सिद्ध केली, तिच्यात रोजची उजळणी आणि शनिवारची आठवड्याची उजळणी यांना मानाचे स्थान होते. पण ती उजळणी म्हणजे विद्यार्थ्याने उभे राहून सांगणे, प्रश्नाला प्रश्नाने भिडणे. पोपटाने बोलणे आणि माणसाने आठवणे यांतला भेद त्या जुन्या गुरुजनांना ठाऊक होता. आमचा विरोध स्मरणाला नाही, स्मरणाचे सोंग आणणाऱ्या नकलेला आहे.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. शिक्षक इयत्ता शिकवितो, मूल शिकवीत नाही. 'असर' या देशव्यापी पाहणीत २०२२ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्के मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला. २०२४ मध्ये हे प्रमाण थोडे वाढले, तरी निम्म्यापर्यंत पोहोचले नाही. ज्या मुलाला वाक्य वाचता येत नाही, त्याच्यापुढे आपण नागरिकशास्त्राचा धडा वाचीत आहोत. आठवीपर्यंत कोणाला नापास न करण्याच्या धोरणावर याचे खापर फोडण्याची पद्धत पडली आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी परीक्षेचा नियम पुन्हा आणला. पण ज्या शिकविण्याने मूल एका वर्षात शिकले नाही, त्याच शिकविण्यात त्याला आणखी एक वर्ष बसविले म्हणून ते शिकेल कसे?

याचे उत्तर आपल्याच राज्यात सापडले आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदे येथील नगरपालिका शाळांत 'बालसखी' हा उपक्रम झाला. मागे पडलेली मुले दिवसातून दोन तास वर्गाबाहेर काढून वस्तीतल्याच एका तरुणीकडे सोपवीत. तिने त्यांना इयत्तेचे नव्हे, तर त्यांना जिथे अडले तिथून वाचन व अंकगणित शिकवायचे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर पाहणी करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बालसखीकडे गेलेली मुले स्पष्टपणे पुढे सरकली. मागे वर्गात उरलेल्यांना केवळ वर्ग लहान झाल्याने काही लाभ झाला नाही. म्हणजे नुसती बाके कमी करून भागत नाही. या बालसख्या मोठ्या पदव्या घेतलेल्या नव्हत्या. अशा शिकलेल्या मुली आमच्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. सभागृहे आहेत, ती सहा दिवस कुलूपबंद असतात.

तिसरा प्रश्न भाषेचा. आणि येथे आम्हांस आपल्याच लोकांशी भांडायचे आहे. सालेकसा व देवरीकडच्या कित्येक मुलांच्या घरात गोंडी किंवा हलबी बोलली जाते, आमगाव-गोरेगावकडे पोवारी, अर्जुनी मोरगावकडे झाडीबोली, आणि पूर्व सीमेवर छत्तीसगढी. अशा मुलाला प्रमाण मराठीच अर्धी परकी असते. तिचाही उंबरठा ओलांडण्याआधी आपण त्याला इंग्रजी माध्यमात ढकलतो आणि त्याला प्रगती म्हणतो. शिक्षणाचे उत्तम माध्यम मातृभाषा, असे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ साली सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत तेच सांगितले. पण आपल्याला युनेस्को हवी कशाला? फादर स्टीफन्स इंग्लंडात जन्मले, तरी त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले ते मराठीत. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलल्यावाचून त्याच्या अंतःकरणात काही उतरत नाही, हे त्यांना उमगले होते. त्यांचे वारस म्हणविणाऱ्या आपल्या संस्थांनी मधल्या सुट्टीत मराठी बोलल्याबद्दल मुलाला दंड करावा, हे कोणत्या न्यायाने?

"इंग्रजीवाचून नोकरी नाही" हा युक्तिवाद आम्हांस ठाऊक आहे. इंग्रजी अवश्य शिकावी, उत्तम शिकावी. पण भाषा म्हणून शिकणे वेगळे आणि न कळणाऱ्या भाषेत विज्ञान घोकणे वेगळे. दुसऱ्या मार्गाने इंग्रजीही येत नाही आणि विज्ञानही नाही.

मुलाची बुद्धी कमी आहे, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची पाहणी 'नेचर' या नियतकालिकात २०२५ साली प्रसिद्ध झाली. ती मुले अवघड हिशेब तोंडी अचूक करीत. तेच गणित कागदावर पाठ्यपुस्तकाच्या रूपात दिले की अडखळत. शाळकरी मुले मात्र कागदावरची गणिते सोडवीत आणि बाजारात चुकत. दोष दोघांच्याही डोक्यात नव्हता. बाजार व शाळा यांच्यामध्ये पूल बांधायचे राहून गेले होते. आठवडी बाजारात आईशेजारी बसून मोहफुले मोजून देणारी आमची मुलगी वर्गात 'ढ' ठरते, ती याच कारणाने. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हा पूल बांधला. पाने, खडे, शिंपले हे त्यांचे शैक्षणिक साहित्य; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा बाणा.

तेव्हा आमची मागणी थोडकी आहे. शाळांनी उतरवून घेण्याचा वेळ निम्मा करावा आणि तो पुस्तक मिटून आठविण्यास द्यावा. शनिवारी आठवड्याची उजळणी व्हावी, गुणांवाचून व छडीवाचून. मागे पडलेल्यांना रोज दोन तास त्यांच्या पायरीवर शिकवावे. पहिली दोन वर्षे तरी घरची बोली वर्गात सन्मानाने यावी. आणि धर्मग्राम समितीने सभागृहाची किल्ली गावातल्या शिकलेल्या मुलींच्या हाती द्यावी.

पालकांकडून तर याहून थोडकेच मागतो. शिकवणीचे शुल्क भरण्यापूर्वी, रात्री जेवण झाल्यावर मुलाला जवळ बसवा, पुस्तक मिटवा आणि आज काय शिकलास ते आपल्या घरच्या भाषेत सांगावयास सांगा. तीन दिवसांनी तेच पुन्हा विचारा. "आम्हांला अक्षर येत नाही," असे म्हणून माघार घेऊ नका. न शिकलेल्या आईला समजावून सांगता येणे, यापेक्षा कठीण परीक्षा कोणत्याही मंडळाला घेता आलेली नाही. जे मूल ती उत्तीर्ण होईल, त्याची मार्चमध्ये काळजी करावी लागणार नाही.