एका शिलिंगाची मैफल

शास्त्रीय संगीताच्या मैफलीचे नाव निघाले की आपल्यातील पुष्कळांच्या मनात आधी तिकिटाचा विचार येतो आणि मग अंगावरच्या कपड्यांचा. ‘ते आपले काम नव्हे’ असे म्हणून माणूस बाजूला होतो. म्हणूनच या खेपेला आम्ही लंडन शहरातील एका महोत्सवाची हकिगत सांगणार आहोत. त्याचे नाव ‘प्रॉम्स’. प्रोमनेड म्हणजे फेरफटका. उभ्याने, हिंडत-फिरत ऐकायची मैफल, असा त्या नावाचा अर्थ.

रॉबर्ट न्यूमन हे लंडनच्या क्वीन्स हॉलचे व्यवस्थापक. उत्तम संगीत सामान्य माणसालाही कळते, फक्त त्याचा कान हळूहळू तयार करावा लागतो, अशी त्यांची धारणा होती. आधी सोप्या चाली ऐकवायच्या, मग थोरामोठ्यांच्या अवघड रचना. 10 ऑगस्ट 1895 रोजी पहिली मैफल झाली. वाद्यवृंदाचे संचालक हेन्री वुड तेव्हा अवघे 26 वर्षांचे होते. उभ्याचे तिकीट एक शिलिंग. खाण्यापिण्याला मज्जाव नव्हता. पैशाची बाजू जॉर्ज कॅथकार्ट या घशाच्या डॉक्टरांनी सांभाळली. मात्र वाद्ये खालच्या पट्टीत लावावीत अशी त्यांची अट होती. इंग्लंडात तेव्हा प्रचलित असलेल्या चढ्या पट्टीने गायकांच्या गळ्यांवर ताण पडे, हे त्यांना ठाऊक होते.

वुड यांनी 1913 साली आपल्या वाद्यवृंदात सहा स्त्री वादकांना घेतले. पुढे 1914 साली जर्मनीशी युद्ध पेटले, तेव्हा जर्मन संगीत बंद करा, असा गिल्ला झाला. एक कार्यक्रम बदलावा लागला. पण कला साऱ्या जगाची मालमत्ता आहे, असे म्हणून न्यूमन यांनी लवकरच ते संगीत पुन्हा सुरू केले. द्वेषाच्या दिवसांत असे बोलायला छाती लागते.

1927 साली महोत्सवाची सूत्रे बीबीसीकडे आली आणि रेडिओमुळे ही मैफल घराघरांत पोहोचली. मे 1941 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून गेला. तरी त्याच वर्षी प्रॉम्स रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरले आणि आजही ते मुख्यत्वे तिथेच भरतात. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सुमारे आठ आठवडे जगभरचे वाद्यवृंद तेथे येतात. व्यासपीठासमोरची मोक्याची जागा मात्र अजून उभे राहणाऱ्यांचीच. 2023 साली तिचे तिकीट 8 पौंड होते.

इथपर्यंतची हकिगत गोड आहे. पण वाचकहो, एक प्रश्न आम्हाला स्वस्थ बसू देत नाही. ऐकणाऱ्यांसाठी दार उघडले, पण वाजवणाऱ्यांचे काय? व्यासपीठावर काळे वादक क्वचितच दिसत. चिची न्वानोकू या स्वतः डबल बास वाजवणाऱ्या बाई. त्यांनी 2015 साली ‘चिनेके!’ हा मुख्यतः कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य वादकांचा वाद्यवृंद उभा केला. 2017 साली तो प्रॉम्समध्ये वाजला. त्यात चेलो वाजवणारा शेकू कॅने-मेसन हा नॉटिंगहॅमचा तरुण होता. घरात सात भावंडे, सातही वाजवणारी. 2016 साली बीबीसीची तरुण वादकांची स्पर्धा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय.

पुढे त्याने काय केले, ते आम्हाला अधिक मोलाचे वाटते. आपल्या जुन्या शाळेतील चेलोचे शिक्षण पैशांअभावी थांबण्याची वेळ आली, तेव्हा त्याने 3000 पौंड दिले आणि दहा मुलांचे धडे चालू राहिले. गुणी मुलाला टाळ्या सगळेच देतात, पण मागून येणाऱ्या मुलांच्या हाती वाद्य राहील याची काळजी थोडेच करतात.

सांगण्याचे तात्पर्य इतकेच. स्वस्त तिकिटाने सभागृहाचे दार उघडते. व्यासपीठाचे दार उघडायचे तर लहानपणीच हाती वाद्य यावे लागते आणि समोर शिकवणारा असावा लागतो. आपल्या वस्तीत एखादी पेटी, एखादा तबला धूळ खात पडला असेल, तर तो पुसून मुलांपुढे ठेवावा. रोज संध्याकाळचा एक तास शिकवणारी व्यक्ती शोधावी. आणि मूल बेसूर वाजवू लागले की घरातल्या मोठ्यांनी कानावर हात ठेवू नयेत. कान तयार व्हायला वेळ लागतो, त्याचा आणि आपलाही.