विश्लेषण : निर्वासितांचे पुनर्वसन कशाने यशस्वी होते?

फाळणीनंतर उल्हासनगरात आलेल्या सिंधी निर्वासितांनी उद्योगनगरी उभी केली, तर पूर्व बंगालमधून दंडकारण्यात पाठवलेले हजारो शेतकरी परत फिरले. याचे श्रेय आणि दोष अनेकदा स्वभावाला दिला जातो. प्रत्यक्षात फरक धोरणाचाही होता.

जागा का महत्त्वाची?
सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवण्यात आले. १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींत हाल होते, पण रेल्वे जवळ होती आणि मुंबईची बाजारपेठही. व्यापाराची सवय असलेल्यांना गिऱ्हाईक मिळाले. पुढे कापड, फर्निचर आणि जीन्सचे उद्योग वाढले.

दंडकारण्यात काय झाले?
१९५८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात बस्तर आणि कोरापुटच्या दुर्गम भागात बंगाली निर्वासितांना वसवण्यात आले. त्यात नामशूद्र शेतकरी मोठ्या संख्येने होते. नद्यांच्या प्रदेशात भात पिकवणाऱ्या या लोकांच्या वाट्याला पावसावर अवलंबून असलेली जमीन आली. १९७८ मध्ये हजारो जण सुंदरबनकडे निघाले. मरिचझापी बेटावर वसलेल्यांना १९७९ मध्ये सरकारने बळाने हटवले.

भांडवल कोणाला मिळाले?
१९५४ च्या कायद्यानुसार पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांना तिकडे सोडलेल्या मालमत्तेपोटी भरपाई मिळू शकली. पूर्वेकडून आलेल्यांना तो मार्ग नव्हता. म्हणजे स्पर्धा सुरू होण्याआधीच एकाच्या हातात थोडे भांडवल होते आणि दुसऱ्याचा हात रिकामा.

आज काय शिकायचे?
गडचिरोलीतील मूलचेरा, चामोर्शी तालुक्यांतही बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत असलेल्या नामशूद्रांना महाराष्ट्रात तो दर्जा नाही. त्यामुळे शिष्यवृत्ती आणि नोकरीच्या वाटेवर पुढच्या पिढ्याही अडतात.

मार्च २०२४ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम लागू झाले. नागरिकत्व आवश्यकच आहे, पण ते पुनर्वसनाचे पहिले पाऊल आहे. अंगातल्या कौशल्याला साजेशी जागा, सुरुवातीचे भांडवल आणि मुलांच्या हातात वेळेवर दाखला, या तीन गोष्टी नसतील तर निर्वासित कागदावर नागरिक होतो, पण त्याचा संसार मात्र छावणीतच राहतो.