चिमणी ‘ऑटो-क्लीन’ आहे, मग डक्ट कोण साफ करणार?

किचन चिमणी घेताना आपण तीन गोष्टी हमखास विचारतो: सक्शन किती, आवाज किती आणि ऑटो-क्लीन आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं की साफसफाईचा विषय संपला, असं धरून चालतो. वर्षातून एकदा सर्व्हिसवाला येतो, चिमणी चकाचक करून जातो. पण चिमणीतून निघून भिंतीतून किंवा खिडकीतून बाहेर जाणारा पाइप, म्हणजे डक्ट, आतून कसा झालाय हे घरातल्या कुणीच पाहिलेलं नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. डक्ट साफ करणं हे कारागिराचं काम असलं, तरी तो किती लवकर तुंबतो हे घरच्यांच्या हातात असतं. आणि ‘ऑटो-क्लीन’ या शब्दामुळे आपण तेच विसरतो.

ऑटो-क्लीन नेमकं काय साफ करतं?

बटण दाबलं की चिमणीच्या आतली कॉइल तापते. काही मॉडेलमध्ये पाण्याचा फवाराही असतो. ब्लोअरला चिकटलेलं तेल पातळ होऊन खालच्या ऑइल कलेक्टरमध्ये उतरतं. काम उपयोगाचं आहे, पण ते ब्लोअरपुरतंच. डक्ट त्याच्या पुढे असतो आणि तो साफ होत नाही. शिवाय कलेक्टर रिकामा करायचं काम आपलंच राहतं.

डक्टमध्ये तेल का साचतं?

फोडणीचा धूर म्हणजे हवेत उडालेले तेलाचे बारीक थेंब आणि वाफ. फिल्टरमधून सुटलेला भाग डक्टच्या थंड भिंतीवर जाऊन बसतो. त्यावर धूळ चिकटते. अनेक घरांत घड्या असलेला ॲल्युमिनियमचा लवचिक पाइप असतो. त्या प्रत्येक घडीत तेल अडकतं. पाइप नीट न ताणता, तीन-चार वळणं देऊन कपाटाच्या वर कोंबला असेल, तर हवेला वाटच उरत नाही. खोक्यावर लिहिलेला ताशी १२०० घनमीटरचा आकडा अशा जोडणीत प्रत्यक्षात मिळत नाही.

याची किंमत कोण मोजतं?

गॅससमोर उभं राहणारी व्यक्ती. आपल्याकडे ती बहुतेक घरांत आई, बायको किंवा स्वयंपाकाच्या ताई असतात. जास्त तापमानावर तळताना निघणाऱ्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणजे गट २ए मध्ये टाकलं आहे. घाबरून पुऱ्या तळणं सोडायची गरज नाही. पण धूर बाहेर जातोय की नुसता मोटरचा आवाज येतोय, हे तपासायलाच हवं. दुसरा धोका आगीचा. कढईने पेट घेतला, तर डक्टमधलं साचलेलं तेल इंधन ठरतं.

दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये काय कराल?

१. फिल्टर धुवा: रोज फोडणी-तळण असेल तर साधारण पंधरा दिवसांनी. गरम पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड पुरे. पूर्ण वाळल्यावरच बसवा.

२. कागद लावून पाहा: गॅस बंद ठेवून चिमणी चालू करा आणि वर्तमानपत्राचा तुकडा फिल्टरजवळ धरा. तो चिकटून राहिला तर ओढ ठीक आहे. फिल्टर स्वच्छ असूनही पडला, तर संशय डक्टवर घ्या.

३. बाहेरचं तोंड पाहा: चिमणी चालू असताना बाहेरची झडप उघडते का? कबुतराने घरटं केलंय का? हे बाल्कनीतून, सुरक्षित जागेवरूनच पाहा. खिडकीबाहेर वाकू नका.

४. आधी चालू, नंतर बंद: स्वयंपाकाच्या दोन-तीन मिनिटं आधी लावा आणि संपल्यावर दहाएक मिनिटं चालू ठेवा. खिडकी किंवा दार किंचित उघडं असू द्या. बाहेरून हवा आत आली नाही, तर आतली बाहेर जाणार कशी?

५. डक्ट नसलेली चिमणी असेल तर: तिचा कार्बन फिल्टर धुऊन चालत नाही, ठरावीक काळाने बदलावाच लागतो.

हे मात्र करू नका

ॲल्युमिनियमच्या जाळीवर कॉस्टिक सोडा टाकू नका. तो तेलाबरोबर धातूही खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. सर्व्हिसवाला काय वापरतोय, हेही विचारा.

गॅस गळतीचा वास आला तर तो घालवायला चिमणी लावू नका, स्विचची ठिणगी पुरेशी असते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि घराबाहेर येऊन १९०६ वर कळवा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका. गॅस बंद करा, झाकण ठेवा आणि हात पोहोचत असेल तर चिमणीही बंद करा. नाहीतर ती ज्वाळा वर ओढते.

जबाबदारी फक्त घरच्यांची?

नाही. ‘ऑटो-क्लीन’ म्हणजे फक्त ब्लोअर, डक्ट नाही, हे कंपन्यांनी खोक्यावर ठळक मराठीत लिहावं. बिल्डरांनी प्लॅनमध्येच डक्टला सरळ, छोटी वाट ठेवावी. आपणही सर्व्हिसिंगचे पैसे देताना एकच प्रश्न विचारावा: ‘डक्ट उघडून पाहिलात का?’ उत्तर ‘त्याचे वेगळे पैसे’ असं आलं तर दर विचारून घ्या आणि सुटलेला डक्ट आतून बघा.

दिवाळीच्या फराळासाठी कढई चढण्याआधी मोबाइलमध्ये पंधरा दिवसांचा रिमाइंडर लावून टाका. आणि फिल्टर धुवायचं काम रोज धूर सोसणाऱ्या व्यक्तीकडेच देऊ नका. घरात जेवणारे इतरही आहेत.