पोहण्याची स्पर्धा आणि घरातला एक तास



चाळिशी-पन्नाशीत पोहायला जाणारी मंडळी आता शहरांतल्या जलतरण तलावांवर बऱ्यापैकी दिसतात. वर्ष-दोन वर्षे सराव झाला की कुणीतरी स्पर्धेचा अर्ज हातात देते आणि घरात वाद सुरू होतो. "या वयात कसली शर्यत? लोक हसतील," असे एकाचे म्हणणे. दुसरा अर्ज भरतो आणि त्या दिवसापासून घरात शर्यतीशिवाय दुसरा विषय उरत नाही. आमच्या मते दोघेही ही स्पर्धा कशासाठी सुरू झाली, हेच विसरतात.

प्रौढांच्या या स्पर्धांना 'मास्टर्स' म्हणतात. अमेरिकेच्या नौदलातील डॉक्टर रॅन्सम आर्थर यांनी ही कल्पना पुढे रेटली. शर्यतीची तारीख समोर असली म्हणजे मोठी माणसे नियमित पोहतील आणि त्यांची प्रकृती सुधारेल, हा त्यांचा साधा विचार. मे १९७० मध्ये टेक्सास राज्यातील अमारिलो येथे पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली. तिला अवघे ४६ जलतरणपटू आले होते. १९८६ साली टोकियोत पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा भरली. म्हणजे इथे पदक हे आमिष आहे, खरी कमाई सरावाची.

नियमही माणसाला सांभाळून केले आहेत. वय २५ पासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात. साठीच्या माणसाला तिशीतल्याशी झुंजावे लागत नाही. उंच ठोकळ्यावरून उडी मारण्याची सक्ती नाही. पाण्यात उतरून भिंतीला पाय लावून सुरुवात केली तरी चालते. जपानच्या मिएको नागाओका यांनी ऐंशी उलटल्यावर गुडघ्याच्या दुखण्यामुळे पोहायला सुरुवात केली. २०१५ साली, वयाच्या १००व्या वर्षी, त्यांनी १५०० मीटर अंतर उताणे पोहत सव्वा तासाहून थोड्या अधिक वेळात पार केले. त्यांच्या वयोगटात दुसरे कुणीच नव्हते! तरीही त्या शेवटपर्यंत पोहल्या.

आपल्यापैकी अनेकांना उशिरा शिकल्याचा संकोच वाटतो. तो वाटू नये. ज्या समाजाला सार्वजनिक तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातील मुलांना तळ्यात पोहायला कोण शिकवणार होते? आजी-आजोबांना जे मिळाले नाही ते आपण पन्नाशीत मिळवत असू, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? शर्यतीत शेवटचा क्रमांक आला तरी आपण पाण्यात होतो, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र संकोच सोडणे वेगळे आणि बेफिकिरी वेगळी. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. अंतर हळूहळू वाढवावे. घाईने वाढवले की पहिली तक्रार खांदा करतो. जोरजोराने श्वास घेऊन मग पाण्याखाली दम कोंडण्याच्या पैजा लावू नयेत. त्यात माणूस कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी स्पर्धा भरतात. तिथे जायचे तर केवळ तलावातल्या सरावावर विसंबू नये. जाणकारांच्या सोबतीने समुद्रात आधी पोहून पाहावे. २०१० साली फुजैरा येथे १० किलोमीटरच्या सागरी शर्यतीत अमेरिकेचा फ्रॅन क्रिपेन हा २६ वर्षांचा नामवंत जलतरणपटू पाण्यातच मरण पावला. अशा कसलेल्या खेळाडूवर ही वेळ येते, तर आपण अस्वस्थ वाटताच हात वर करून बाहेर यावे. त्यात कमीपणा नाही.

आता मुख्य मुद्दा. स्पर्धेला किती महत्त्व द्यावे? आमचे माप घरातले आहे. तारीख ठरली की आठवड्यातले तीन दिवस, रोजचा एक तास आपला होतो. "आज राहू दे" म्हणणारे मन गप्प बसते आणि घरचेही तो तास मान्य करतात. एवढे महत्त्व स्पर्धेला जरूर द्यावे. परंतु आपला तास दुसऱ्या कुणाच्या तासातून कापून घेतला जात असेल, तर ती शर्यत महाग पडली असे समजावे. पहाटे साहेब तलावावर, आणि डबे, पाणी, मुलांची शाळा सारे बाईंच्या माथी! परत आल्यावर सेकंदांचा हिशेबही तिनेच ऐकायचा! असे पदक भिंतीवर शोभत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की, अर्ज भरण्यापूर्वी घरात बसून वेळापत्रक करावे. नवऱ्याचे तीन दिवस, तर बायकोचेही तीन दिवस. तिला पोहता येत नसेल तर त्या तीन दिवसांत तिने शिकावे. त्या सकाळी चहा-पोहे आणि मुलांचे दप्तर नवऱ्याने पाहावे. माहेरी विहीर असूनही जिला कधी पाण्यात उतरू दिले नाही, ती पहिल्यांदा कठडा सोडून पंचवीस मीटर पार करील, तेव्हा टाळ्या वाजवायला घरच्यांनी तलावावर जरूर हजर राहावे.